दुसरं इंजिन आहे, पण घाट चढेल का?

पत्र आधी थोडक्यात देतो, बरंच मोठं होतं.

"नमस्कार सर. वय ४६, मुलुंडला राहतो, छोटा बिझनेस आहे, नाशिकला युनिट आहे. पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स, अमेरिकेत केलं, तिथेच शेवटच्या आठवड्यात मल्टी इंजिनचं रेटिंग पण उरकलं, मग इथे येऊन लायसन्स कन्व्हर्ट केलं. टोटल २३० तास, त्यात ट्विनवर, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावर, फक्त ३१. मागच्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून सेकंडहँड सेमिनोल हे छोटं ट्विन विमान घेतलं. आता भांडण असं आहे की एक पार्टनर म्हणतो दर महिन्याला इन्स्ट्रक्टर घ्यायचा आणि टेकऑफनंतर ३०० फुटांवर इंजिन खरोखर बंद करायचं, तरच ते ट्रेनिंग. दुसरा म्हणतो इंजिनं ठणठणीत आहेत, माणसं ट्रेनिंगमध्येच मरतात, विषाची परीक्षा कशाला. उन्हाळ्यात फॅमिलीला घेऊन नाशिकला उडत जायचा विचार आहे. बायको आधी नाही म्हणत होती, दोन इंजिनं आहेत म्हटल्यावर हो म्हणाली. कोणाचं ऐकू? – अधांतरी, मुलुंड"

अहो अधांतरी, तुमच्या पार्टनर्सकडे येतोच, पण मला त्या पत्रातलं शेवटचं वाक्य जास्त खुपलं. वहिनी दोन इंजिनांवर हो म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलंय का की दुसरं इंजिन म्हणजे स्टेपनी नाही? टायर पंक्चर झाला, बदलला, चालू लागलो, असं इथे होत नाही.

तुम्ही मुलुंडचे आहात म्हणजे कसाऱ्याची गंमत माहिती असणार. मेल गाडी कल्याणपासून मस्त धावत येते आणि कसाऱ्याला उभी राहते, मागून बँकर इंजिनं लावतात मग ती इगतपुरी चढते, कारण थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे आणि सपाटीवर पुरणारी ताकद तिथे पुरत नाही. विमानाचं सेम आहे. सरळ लेव्हल उडायला जेवढी ताकद लागते ती तर खर्च होणारच, चढायला जे मिळतं ते त्याच्या वर उरलेल्या पैशातून. तुमच्या सेमिनोलला १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, एक गेलं की ताकद निम्मी झाली हे कोणीही सांगेल, पण कट लागतो तो त्या वरच्या उरलेल्या भागालाच. दोन्ही इंजिनांवर समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण १३०० फूट चढणारं विमान एकावर साधारण २०० चढतं. म्हणजे ताकद ५० टक्के गेली आणि चढण गेली ८० टक्क्यांच्या वर. आणि हे २०० सुद्धा कधी, तर १५ डिग्री तापमान, मेलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर फेदर केलेला, म्हणजे पाती हवेला अडणार नाहीत अशी वळवलेली, गिअर (चाकं) वर, फ्लॅप वर, स्पीड बरोबर ब्लू लाइनवर, म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढण मिळते त्या वेगावर, आणि पायलट टेस्ट पायलटसारखा शांत. मुंबईत १५ डिग्री कधी असतं हो? ३३ डिग्रीच्या दुपारी मुंबईची हवा विमानाला २००० फुटांवर असल्यासारखी लागते, वर दमटपणा, माझ्या हिशोबाने शंभर-सव्वाशे फूट मिळाले तरी नशीब.

आता तुमचं नाशिक. तिथलं ओझर एअरपोर्ट जवळपास २००० फुटांवर आहे, एप्रिल-मे मध्ये ४० डिग्री होतं, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे तापलेली हवा विमानाला जेवढ्या उंचीवरची वाटते ती उंची, काढा, साडेपाच हजारांच्या आसपास येते. आणि सेमिनोलचं एका इंजिनावरचं सर्व्हिस सीलिंग, म्हणजे जिथे चढण जवळपास संपते ती उंची, किती? ३८०० फूट, तेही स्टँडर्ड दिवसाला. कमाल वजन पण ३८०० पौंडच, त्यामुळे हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे बघा. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी फुल टाकी, वहिनी, दोन मुलं आणि मुलांच्या बॅगा घेऊन तुम्ही ओझरवरून उडालात आणि एक इंजिन गेलं, तर दुसरं इंजिन तुम्हाला वर नेणार नाही, जरा हळूहळू खाली आणेल एवढंच. वाटेत सह्याद्री आहे तो वेगळाच, कळसूबाई ५४०० फूट. जुने पायलट एक काळा जोक करतात की दुसरं इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन सोडतं. मला तो जोक पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसायला आलं होतं, आता येत नाही.

विमान बनवणाऱ्यांनी फसवलंय असं पण नाही. ६००० पौंडांच्या आतल्या आणि ६१ नॉट्स किंवा त्याखाली स्टॉल होणाऱ्या (म्हणजे पंखांची उचल सुटणाऱ्या) छोट्या ट्विन्सना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अट सर्टिफिकेशनला नव्हतीच, किती चढतं किंवा किती खाली येतं ते मोजून पुस्तकात लिहायचं एवढंच. पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही, कारण आपण विमान बघायला जातो तेव्हा लेदर सीट आणि जीपीएस बघतो.

आता पार्टनर नंबर एक, ३०० फुटांवर खरं इंजिन बंद करणारे.

त्यांना सांगा की हे मी करून बसलोय. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी नवाच इन्स्ट्रक्टर, एका क्लबच्या ट्विनवर शिकवत होतो, हुशार मुलगा होता, म्हटलं याला जरा सरप्राइज देऊ. ४०० फुटांवर मी डावा थ्रॉटल मागे खेचला. त्याने डावाच रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) दाबला. म्हणजे ज्या बाजूला विमान आधीच वळतंय त्याच बाजूला त्याने अजून ढकललं, वर दचकून नाक उचललं, स्पीड असा पडला की सुई लाल रेषेकडे, म्हणजे ज्याच्या खाली विमान ताब्यात राहत नाही त्या वेगाकडे, जाताना मी डोळ्याने बघितली. मी उजवा थ्रॉटल पण मागे घेतला, नाक खाली दाबलं, विमान सरळ झालं, मग दोन्ही इंजिनं पुढे. खाली ज्वारी होती, मला कणसं दिसली हो. कणसं. मुलगा म्हणाला "सॉरी सर." मला तोंडातून शब्द फुटेना. खाली येऊन टपरीवर चहा घेतला तर अर्धा बशीत. त्या दिवशी वाचलो कारण मी थ्रॉटल खेचला होता, मिक्श्चर (इंजिनाचं इंधन तोडणारा दांडा) नाही, त्यामुळे इंजिन मागितल्या मागितल्या परत आलं. तुमचे पार्टनर म्हणतायत तसं खरं बंद केलं असतं तर हे सदर दुसरं कोणीतरी लिहीत असतं.

आणि हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांचं नाही. ८ मार्च १९९४, दिल्ली एअरपोर्ट, सहाराचं बोइंग ७३७ ट्रेनिंगला निघालेलं, टच अँड गो (उतरून न थांबता परत उडणं) चाललेले, इंजिन गेल्याचा सराव, आणि ट्रेनीने चुकीचा रडर दाबला. इन्स्ट्रक्टरने पाय रडरवर राखून ठेवले नव्हते. विमान जाऊन तिथे उभ्या असलेल्या एरोफ्लोतच्या विमानावर आदळलं, एकूण ९ माणसं गेली, त्यातली काही तर त्या ७३७ मध्ये बसलेलीसुद्धा नव्हती. ते जेट होतं, त्याच्याकडे एका इंजिनावर चढायची ताकद भरपूर होती, तरी. एअरलाइनवाले असले सराव आता सिम्युलेटरमध्ये करतात ते काय शौक म्हणून नाही.

लाल रेषेचं जरा सांगतो कारण आठवड्यात उरकलेल्या रेटिंगमध्ये हे पाठ होतं, डोक्यात जात नाही. एक इंजिन चालू एक बंद म्हणजे विमान एका बाजूने ढकललं जातंय, ते सरळ ठेवतो रडर, आणि रडरला ताकद येते स्पीडमधून. स्पीड एका मर्यादेच्या खाली गेला की पूर्ण रडर दाबूनही विमान ऐकत नाही, आधी वळतं आणि मग उलटं होतं. ती मर्यादा म्हणजे व्हीएमसी, सेमिनोलला ५६ नॉट्स. ब्लू लाइन ८८. तुम्ही जमीन सोडता ७५ ला. ७५ ते ८८ च्या मधले जे काही सेकंद आहेत ना, गिअर अजून खाली लटकतंय, जमीन जवळ, चढण नाही, तेच तुमचं धोक्याचं मैदान, आणि तुमच्या पार्टनरला नेमकं त्याच्या जरा पुढे जाऊन खरं इंजिन मारायचंय. तुमचे दुसरे पार्टनर सांगतील की सेमिनोलचे प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरतात म्हणून क्रिटिकल इंजिन, म्हणजे गेलं तर दुसऱ्यापेक्षा जास्त वाईट असं एक ठरावीक इंजिन, नाही. बरोबर आहे. त्याचा अर्थ एवढाच की कुठलंही गेलं तरी सारखंच वाईट.

अमेरिकन विमान नियामक एफएएचं ट्रेनिंग हँडबुक स्पष्ट सांगतं की जमिनीपासून ३००० फुटांच्या खाली इंजिन गेल्याचा सराव थ्रॉटल हळू मागे घेऊनच करायचा, फ्युएल किंवा मिक्श्चर तोडून नाही. अमेरिकेत शिकलात म्हणजे हे पुस्तक तुमच्या कपाटात असेलच, पार्टनरला द्या.

आता दुसरे पार्टनर, विषाची परीक्षावाले. यांचं अर्धं बरोबर आहे म्हणून ते जास्त धोकादायक. ट्रेनिंगमध्ये माणसं मेली आहेत, खरंय. पण त्यावरून ते जे करतायत, म्हणजे काहीच न करणं, ते चालत नाही. तुमचे ३१ तास आहेत, त्यातले इंजिन फेल्युअरचे किती, चार? पाच? ते पण त्या एका आठवड्यातले. अमेरिकेत मल्टी इंजिन रेटिंग जोडायला किमान तासांची अटच नाही, इन्स्ट्रक्टरची सही आणि टेस्ट पास झाली की मिळालं. आणि पायाला काही आठवत नाही हो, डोकं लक्षात ठेवतं, पाय विसरतो. सहा महिने पोहला नाहीत तरी पोहता येतं, पण हे पोहण्यासारखं नाही, हे जास्त तबल्यासारखं आहे, रियाज सुटला की हात जड.

आणि "इंजिनं ठणठणीत आहेत" हे वाक्य मला कळतच नाही. ठणठणीत इंजिनाला पेट्रोल नाही मिळालं तर ते काय करणार? टाकीत पाणी साचलं, सिलेक्टर चुकीचा राहिला, एका टाकीचा हिशोब चुकला, यात इंजिनाचा दोष कुठे. आपल्याकडे पावसाळ्यात विमान उघड्यावर उभं असेल तर रोज ड्रेन करून बघता का? दोन टाक्या, दोन पंप, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे दोन सेट, म्हणजे बिघडायला वस्तू पण दुप्पट. एक इंजिन बिघडायची शक्यता ट्विनमध्ये जास्तच असते, कमी नाही.

वर अजून एक, चुकीचं इंजिन बंद करणं. तैपेईचा तो व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सॅपवर पण आला असेल, ४ फेब्रुवारी २०१५, ट्रान्सएशिया एअरलाइनचं एटीआर विमान पुलावरून आडवं जाताना टॅक्सीला पंख लागतो. उजवं इंजिन गेलं होतं, पायलटने डाव्याचा पॉवर काढला आणि ते बंद केलं. ४३ माणसं. प्रोफेशनल क्रू होता, रोज उडणारा. मग महिन्यातून दोनदा शनिवारी उडणाऱ्या आपल्याला सराव नको?

म्हणजे सराव पाहिजे, पण कुठला कुठे हे ठरवायला पाहिजे, आणि तुमच्या तिघांच्या भांडणात नेमकं हेच कोणी विचारलं नाही. ज्या चुकीने माणूस मरतो ती चूक करायला मिळेल अशा जागी सराव करा. सिम्युलेटरमध्ये ५० फुटांवर इंजिन जाऊ दे, उलटे व्हा, आपटा, रीसेट करा, परत करा, दोन तासांत वीस वेळा मरून या. घरच्या कॉम्प्युटरवरचा सिम चालेल का असं पुढचं पत्र येणार, तर चालेल, फक्त रडर पेडल घ्या, पेडल नसतील तर तो व्हिडिओ गेम. खऱ्या विमानात सगळं वर करायचं, जमिनीपासून चार-पाच हजार फूट मोकळे ठेवून, हिवाळ्याच्या सकाळी, हवा स्थिर असताना. तिथे इन्स्ट्रक्टर थ्रॉटल मागे घेईल, तुम्ही आधी विमान सरळ धरा, ब्लू लाइन पकडा, चालू इंजिनाकडे थोडा बँक (झुकाव), पाच डिग्रीच्या आत, मग ओळखा कुठलं गेलं. ज्या पायाला जोर लावावा लागत नाहीये त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग खात्री, त्याचा थ्रॉटल हळू मागे घ्या, काही फरक पडला नाही तरच ते. मग फेदर. घाई करू नका, तैपेई घाईतच झालं. खरा फेदर करून परत स्टार्ट करणं वर्षातून एकदा, उंचावर, एअरपोर्ट डोक्याखाली असताना, बाकी वेळा झिरो थ्रस्ट, म्हणजे इंजिन चालू पण विमानाला ढकलणार नाही एवढीच पॉवर, लावून पुरतं.

एक सूचना मात्र नीट ऐका. व्हीएमसीचा डेमो फार वर जाऊन करायचा म्हणजे सेफ असं वाटतं, त्यात एक सापळा आहे. वर गेलं की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद कमी होते, त्यामुळे व्हीएमसी खाली येते, पण स्टॉलचा स्पीड मीटरवर तेवढाच राहतो. एका उंचीला दोन्ही जवळ येतात आणि मग वळण आणि स्टॉल एकदम, म्हणजे स्पिन (गिरक्या घेत खाली पडणं), आणि ट्विन्सना स्पिनमधून बाहेर येऊन दाखवायची सर्टिफिकेशनला सक्तीच नसते. म्हणून स्टॉल वॉर्निंग वाजली किंवा नाक जरा जरी वळायला लागलं की तिथेच डेमो संपला, पॉवर कमी, नाक खाली. आपण इथे मर्यादा ओळखायला आलोय, ओलांडायला नाही आलो असं इन्स्ट्रक्टरला आधीच सांगून ठेवा, आणि इन्स्ट्रक्टर तो बघा ज्याचे ट्विनवर शिकवायचे तास आहेत, नुसते उडायचे नाहीत. त्याला सरळ विचारा की तुम्ही पाय कुठे ठेवता. रडरवर राखून ठेवतो म्हणाला तर ठीक.

टेकऑफचा सराव राहिला, आणि त्याला पेट्रोल पण लागत नाही. रनवेवर लाइन अप व्हायच्या आधी मोठ्याने बोला, मराठीत बोला हवं तर, बाजूला कोणी असो नसो. "जमिनीवर असताना काही झालं, दोन्ही थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत आहे पण गिअर खाली आणि पुढे रनवे आहे, दोन्ही बंद, समोर उतरणार. गिअर वर आणि ब्लू लाइन मिळाली, तरच एकावर चढायचा प्रयत्न." यातलं मधलं वाक्य सगळ्यात अवघड आहे. चांगलं चालणारं इंजिन आपल्या हाताने बंद करायला मन तयार होत नाही, आपली मध्यमवर्गीय वृत्ती, चालू वस्तू फेकायची नाही, आणि तिथेच माणूस त्या एका इंजिनावर नाक उचलत राहतो आणि विमान उलटं होतं. दोन्ही बंद करून पंख सरळ ठेवून पुढच्या शेतात आदळलेला माणूस बऱ्याचदा चालत बाहेर येतो.

शेत म्हटलं, पण मुंबईत शेत कुठे. २८ जून २०१८ विसरला नसाल, जुहूवरून टेस्ट फ्लाइटला निघालेलं किंग एअर घाटकोपरला पडलं, विमानातले चार आणि रस्त्याने जाणारा एक. तेही ट्विनच होतं. कारणांत मी इथे शिरत नाही, पण मुलुंडवरून पवईकडे बघितलंत तर कळेल की खाली रिकामी जागा म्हणजे तलाव, खाडी आणि जंगल एवढीच. म्हणून कुठूनही उडा, समोर काय आहे ते आधी नकाशावर बघून ठेवा आणि ते नाव ब्रीफिंगमध्ये घ्या. जुहूला पश्चिमेकडे टेकऑफ असेल तर समोर समुद्र, मग "समुद्र" म्हणा, पंख सरळ ठेवून पाण्यात, मागे वळायचं नाही.

नाशिकचं म्हणाल तर जा ना, कोण नको म्हणतंय. पण मे मध्ये चौघे आणि फुल टाकी नाही. डिसेंबरमध्ये सकाळी सात वाजता, तुम्ही दोघंच, लागेल तेवढं पेट्रोल अधिक व्यवस्थित रिझर्व्ह, आणि घाट ओलांडताना मनात पक्कं की या क्षणी एक इंजिन गेलं तर मी पुढे नाशिकला नाही, उताराकडे, कोकणाच्या बाजूला वळणार. मुलांना वंदे भारतने पाठवा, ती घाट तुमच्यापेक्षा चांगला चढते आणि त्यांना खिडकीत बोगदे मोजता येतात.

वहिनींना हे सगळं वाचायला द्या. लपवू नका, कारण त्या जर ३८०० फुटांचा आकडा ऐकूनही हो म्हणाल्या तर तो खरा होकार, आत्ताचा नाही. शक्य असेल तर त्यांना एकदा सिम्युलेटरला घेऊन जा आणि मागे बसवा, तुम्ही थ्रॉटल बंद करून समोर उतरता ते बघू दे.

आणि पहिल्या पार्टनरला वाचून दाखवूनही ते ३०० फुटांवर मिक्श्चर खेचायचं म्हणत असतील, तर तिघांच्या ॲग्रीमेंटमध्ये दोन ओळी वाढवून घ्या की हे विमान तसं वापरायचं नाही, इन्शुरन्सवाल्याला पण विचारून घ्या तो याला काय म्हणतो ते, आणि सही होईपर्यंत त्यांच्या शनिवारी मागच्या सीटवर बसायला जाऊ नका.